कासव रुसलेलं नाही, गारठलंय

बेळगावच्या शहापूर भागातल्या एका ताईंचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाल्यात. पत्र बरंच मोठं आहे, त्यातला मुद्दा असा:

माझा मुलगा चौथीत आहे. वाढदिवसाला त्याच्या मामानं एक छोटं कासव आणून दिलं. दहा रुपयांच्या नाण्याहून जरा मोठं, हिरवंगार, डोळ्यामागं लाल पट्टा. दुकानदारानं सोबत प्लास्टिकचं बाऊल दिलं, मधोमध प्लास्टिकचं नारळाचं झाड, आणि सुक्या कोळंबीची डबी. 'काही करावं लागत नाही, रोज चार दाणे टाका,' एवढंच सांगितलं. पहिले दोन दिवस बाऊलभर पळत होतं. आता आठवडा झाला, काही खात नाही, डोळे मिटून पडलेलं असतं. मुलगा म्हणतो रुसलंय, आणि रडतो. मालक म्हणतात कासव घरात आलं म्हणजे बरकत, उत्तरेला ठेव. सासूबाई माळकरी आहेत. त्यांना कोळंबीचा वास घरात नको, आणि मुकं जनावर कोंडून ठेवायचं पापही नको. 'श्रावण लागला की सोमवारी कपिलेश्वराच्या तळ्यात सोडून या जावा,' म्हणतात. धाकटी दोन वर्षांची, तिला ते खेळणंच वाटतं. मी जन्मात मांजरही पाळलेलं नाही. ठेवू की सोडू? ठेवायचं तर नेमकं करू काय?

ताई,

ठेवू की सोडू हे नंतर बघू. आधी थर्मामीटर आणा. ताप बघायचा नव्हे, माशांच्या टाकीला लावतात तो. मासे विकणाऱ्या कुठल्याही दुकानात स्वस्तात मिळतो. तो त्या बाऊलमध्ये बुडवा आणि किती दाखवतो बघा. आषाढातलं बेळगाव, बाऊल फरशीवर किंवा खिडकीत ठेवलेलं. आकडा वीस-बावीसच्या आसपास निघाला तर मला नवल वाटणार नाही. एवढ्या लहान पिल्लाला पाणी हवं २६ ते २८ अंश सेल्सिअस.

आपल्या अंगात आपली ऊब आपण तयार करतो. कासवाला ते जमत नाही, ते बाहेरून घेतं. बाहेर गारठा असला की त्याच्या पोटातलं कामही मंदावतं. भूक लागत नाही, लागली तरी खाल्लेलं पचत नाही, आणि ते एका जागी डोळे मिटून बसून राहतं. मुलाला हे सांगा. त्याच्या हातून काही चुकलंय म्हणून कासव रागावलेलं नाही. त्याला थंडी वाजतेय, आणि ते सांगायची त्याच्याकडे दुसरी रीत नाही.

म्हणून आज रात्री चोच उघडून काही भरवायला जाऊ नका. आधी ऊब, मग अन्न. कोमट पाणी थोडं थोडं मिसळत पंधरा-वीस मिनिटांत बाऊल २७-२८ पर्यंत आणा. एकदम गरम पाणी ओतू नका. पाणी त्याच्या पाठीच्या उंचीइतकंच ठेवा, म्हणजे अशक्त असलं तरी नाक सहज वर काढता येईल. उद्या दुकान उघडलं की काचेच्या टाकीत बुडवून ठेवायचा हीटर आणा, आपोआप बंद-चालू होणारा. पन्नासेक लिटर पाण्याला पन्नास वॉटचा पुरतो. एक नियम मात्र घरातल्या सगळ्यांना पाठ करून घ्या: पाण्यात हात घालायच्या आधी प्लग काढायचा, आणि हीटर पाण्याबाहेर असताना कधीही चालू करायचा नाही, काच तडकते.

आता ट्यूबलाइटखाली त्याचे डोळे नीट बघा. नुसते मिटलेले असतील आणि ऊब मिळाल्यावर उघडले, तर बरंचसं निभावलं. पापण्याच हरभऱ्याच्या डाळीसारख्या फुगलेल्या दिसल्या तर ते घाण पाण्यानं किंवा अ जीवनसत्त्व कमी पडल्यानं होतं, आणि नुसत्या सुक्या कोळंबीवर ठेवलेल्या पिल्लांत ते नेहमी दिसतं. तसं असेल तर डॉक्टरच हवा. नाकातून बुडबुडे येत असतील, तोंड उघडून श्वास घेत असेल, पोहताना एका अंगाला कलत असेल, तर फुफ्फुसाला झालंय असं समजा आणि दिवस घालवू नका. पाठीच्या मधोमध अंगठ्यानं अगदी हलकं दाबून बघा. या वयात कडेला किंचित लवचीक लागतं, ते चालतं. मध्यभागी दबत असेल तर चालत नाही.

डॉक्टरची पंचाईत मला ठाऊक आहे. आपल्याकडच्या जनावरांच्या दवाखान्यात गाई-म्हशी येतात, हल्ली कुत्री-मांजरं येतात. कासव बघितलेला डॉक्टर शोधावा लागतो. निघायच्या आधी फोन करून सरळ विचारा, 'कासव बघता का?' नाही म्हणाले तर बघणारं कोण ते त्यांनाच विचारा. कोल्हापूर, पुणे किंवा गोव्याला न्यायची वेळ आलीच तर पाण्यात घालून नेऊ नका. भोकं पाडलेल्या डब्यात ओलं फडकं अंथरा आणि त्यावर ठेवून न्या. दुकानदारानं कसले थेंब दिले तर घालू नका. पाठीला खोबरेल तेल चोळणं, हळद लावणं, साबणानं आंघोळ घालणं, यातलं काहीही नको. शेजारणी सांगतील, मायेनंच सांगतील, तरी नको.

इथवर तातडीचं झालं. आता दुकानदाराच्या त्या 'काही करावं लागत नाही' कडे वळू, कारण तुमच्या घरातला सगळा घोळ त्या वाक्यापासून सुरू झालाय.

लाल पट्ट्यावरून हे रेड-इअर्ड स्लायडर जातीचं कासव आहे. मूळ अमेरिकेतलं, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. आज नाण्याएवढं दिसतंय ते तसंच राहणार, हा सगळ्यांचा समज असतो. नर असला तर वीतभर होतो. मादी असली तर चार-सहा वर्षांत जेवायच्या ताटलीएवढी होते, पाऊण फूट ते फूटभर. आणि नीट ठेवलं तर हे जनावर वीस-तीस वर्षं जगतं. तुमचा चौथीतला मुलगा तोवर बापय होऊन पोरंबाळं वागवत असेल. ते बाऊल आणि ते नारळाचं झाड म्हणजे विकताना मांडायची आरास. त्यात कासव जगत नाही, हळूहळू मरतं, आणि आपल्याला वाटतं की पिल्लं नाजूकच असतात.

त्याला लागतात त्या गोष्टी फार नाहीत, पण एकही गाळून चालत नाही. पोहायला पाणी, चढून पूर्ण कोरडं होता येईल अशी जागा, त्या जागेवर ऊन, आणि स्वच्छता.

टाकी दोन फूट बाय एक फुटाची घ्या. काचेची परवडत नसेल तर मोठा प्लास्टिकचा टब घ्या, धुणं भिजवायला वापरतात तसला. कासवाला काचेचं कौतुक नसतं. तब्येत सुधारली की पाणी चार-पाच इंच ठेवा. तळाला बारीक खडे टाकू नका, गिळतात आणि आतडं बंद पडतं. डोक्यापेक्षा मोठे, गुळगुळीत दगड टाका किंवा तळ मोकळाच ठेवा. चढायच्या जागेसाठी दुकानात तरंगता प्लास्टिकचा पाट मिळतो, पण मी म्हणेन जुन्या घराचं कौल शोधा. खानापूरच्या भट्टीतलं नाहीतर मंगळुरी, कुठलंही. अर्धं कौल दोन दगडांवर तिरकं टेकवायचं, खालचं टोक पाण्यात, वरचं बाहेर. खरखरीत असल्यानं त्याची नखं धरतात, भाजलेली माती ऊब धरून ठेवते, आणि खाली लपायला जागाही होते. शहापूर-वडगावात पाडलेल्या घरांची कौलं परड्यात पडलेली असतात, एक कुणीही देईल. आधी घासून, कडकडीत पाण्यानं धुऊन घ्या.

मग ऊन. कासवाच्या कातडीवर ऊन पडलं की ड जीवनसत्त्व तयार होतं, त्याच्यावर कॅल्शियम अंगी लागतं, आणि त्यातून कवच घट्ट होतं. हे काम उन्हातले अतिनील किरण करतात, आणि ते काचेतून आत येत नाहीत. बंद खिडकीजवळ ठेवलं की त्याला उजेड मिळतो, ऊन मिळत नाही. इथंच आपल्या गावची अडचण आहे. सोलापुरातल्या माणसाला सांगितलं असतं की सकाळी अर्धा तास अंगणात ठेव. बेळगाव-खानापुरात मिरगापासून पुढं महिना-महिना सूर्याचं तोंड दिसत नाही, आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा तेरा-चौदावर येतो. म्हणून आपल्याकडे यूव्हीबी दिवा, म्हणजे हे अतिनील किरण देणारा दिवा, ही चैन नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी असा वेगळा दिवा मिळतो, ऑनलाइन मागवावा लागेल. तो कौलापासून साधारण फूटभर उंचीवर लावायचा, मधे काच किंवा प्लास्टिक आणायचं नाही, आणि दहा-बारा तास चालू ठेवायचा. डोळ्यांना तो पेटलेला दिसत राहिला तरी त्यातले किरण संपत जातात, म्हणून वर्षाच्या आत बदलायचा. त्याच्या शेजारी उबेसाठी चाळीस-साठ वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब लावा. एलईडी गरम होत नाही, त्याचा इथं उपयोग नाही. कौलावर ३२ ते ३५ अंश आले की झालं. पावसाळा सरल्यावर ऊन पडेल तेव्हा सकाळचं कोवळं ऊन जरूर द्या, पंधरा-वीस मिनिटं. अर्ध्या टबावर सावली हवी आणि कुणीतरी समोर बसलेलं हवं. लहान भांड्यातलं पाणी भराभर तापतं, आणि बेळगावचे कावळे तुम्हाला माहीत आहेत.

वीज गेली तर घाबरू नका. बाऊलभर पाणी लगेच गार होतं, टाकीभर होत नाही. थंडीत रात्री बराच वेळ लाइट गेली तर टाकीभोवती घोंगडं गुंडाळा, वर हवेला फट ठेवा. 'थंडीत कासव झोपतंच, तसंच राहू द्या' असंही कुणी सांगेल. मोठी कासवं त्यांच्या मुलखात झोपत असतील. घरातलं एवढंसं पिल्लू असं झोपलं की बहुधा उठत नाही.

पाण्याचं सांगते. महापालिकेच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, बादलीत रात्रभर उघडं ठेवून मग वापरा. घरची विहीर असेल तर उत्तम. फिल्टर लावलात तर आठवड्यातून दोनदा तिसरा हिस्सा पाणी बदला. फिल्टर नसेल तर रोज किंवा दिवसाआड सगळंच, आणि नवं पाणीही तेवढंच कोमट हवं. कासव माशांपेक्षा कितीतरी जास्त घाण करतं, हे आधी कुणी सांगत नाही.

खाण्याचा प्रश्न तुमच्या घरात नाजूक आहे. श्रावण तोंडावर आलाय आणि सासूबाई माळकरी. मला त्यांचं म्हणणं थट्टेवारी न्यावंसं वाटत नाही. पण या वयाच्या पिल्लाला मांसाहार लागतोच; मोठं होईल तसं ते पाल्याकडे वळेल, आज नुसत्या पाल्यावर वाढणार नाही. मधला मार्ग म्हणजे कासवासाठीच्या गोळ्या. त्यात माशाची भुकटी असते, हे सासूबाईंपासून लपवू नका, पण कोळंबीसारखा घरभर वास सुटत नाही आणि जीवनसत्त्वंही भरलेली असतात. डबी स्वयंपाकघरात न ठेवता टाकीजवळच ठेवा. रोज एकदा, त्याच्या डोक्याएवढ्या आकारमानाचं, एवढंच. ते हावरट असतं, माणूस दिसला की मागतं, त्याला भुलू नका. आणि अन्न पाण्यातच टाका. पाण्याबाहेर त्याला गिळताच येत नाही. सोबत किसलेलं गाजर, लाल भोपळा, लेट्यूसचं पान अधूनमधून टाकत राहा. पालक रोज नको, तो कॅल्शियम अडवतो. बाजारातला सुका जवळा देऊ नका, त्यात मीठ असतं. भात, चपाती, बिस्कीट, चुरमुरे, दूध हे काही नको. मुलगा लाडानं कुंदा चाटवायला जाईल, त्यालाही सांगून ठेवा.

कॅल्शियमसाठी महागडी पावडर आणायची गरज नाही. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, पांढरा, हलका, होडीच्या आकाराचा. त्याची कडक पाठ सुरीनं काढून टाका आणि मऊ बाजूचा तुकडा पाण्यात तरंगत सोडा. ते आपलं आपण कुरतडतं.

धाकटीबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे. वरून निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावर आणि पाण्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. मोठ्या माणसाला त्यानं जुलाब-ताप होऊन जातो. पाच वर्षांखालच्या मुलांना, गरोदर बायकांना आणि म्हाताऱ्या माणसांना ते जड जातं. अमेरिकेत चार इंचांपेक्षा लहान कासवं पाळायला म्हणून विकायला १९७५ पासून बंदी आहे, ती याच कारणानं. पोरं ती तोंडात घालत होती. तेव्हा टाकी धाकटीचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, पक्क्या स्टुलावर. तिनं कासवाला हात लावायचा नाही. बाकीच्यांनी हात लावला, पाणी बदललं, की साबणानं हात धुवायचे. टाकीचं सामान भांडी घासायच्या मोरीत धुवायचं नाही. त्याची बादली वेगळी, घासणी वेगळी. ते पाणी जास्वंदीला घाला, फार मानवतं. कोथिंबिरीच्या वाफ्यात नको.

मालकांची बरकत. त्यांच्याशी वाद घालू नका. देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, आपण सगळेच त्याला हात लावून पुढं जातो. त्या भावनेतून हे आलंय. उत्तरेला ठेवायचं म्हणतात तर ठेवा. जागा अशी बघा की जवळ प्लग असेल, दारातून गार वारा लागत नसेल आणि टीव्हीचा दणदणाट नसेल. एवढं जमलं तर माझ्या मते कासवाला दिशेशी देणंघेणं नाही. फक्त एक गोष्ट त्यांच्या कानावर घाला: ज्या कासवानं बरकत यायची ते गारठून मेलं तर त्याचाही अर्थ घरात कुणीतरी लावणारच, आणि तो बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या डोक्यावर येतो. तुमच्या पत्रात ही भीती लिहिलेली नाही, पण ओळींच्या मधे मला ती दिसली. तसं झालंच, तर ती चूक तुमची नसेल.

आता सासूबाई. मुकं जनावर एवढ्याशा भांड्यात कोंडलंय, हे या घरात पहिल्यांदा त्यांना खुपलं. त्यांच्याशी बोलताना हे आधी म्हणा, कारण ते खरं आहे. चुकतंय ते सोडायच्या जागेत. कपिलेश्वराच्या तळ्यात असं आजारी पिल्लू सोडलं तर ते दोन दिवसांत मासे, बगळे किंवा गारठा यांच्यापैकी कुणाच्या तरी तोंडी जाईल. आणि जगलं, तर त्याहून वाईट. ही जात हावरी आणि चिवट आहे. आययूसीएन या निसर्ग राखणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत तिचं नाव आहे, युरोपीय संघानं १९९७ मध्येच तिची आयात बंद केली. आपल्या नद्या-तळ्यांत मुळातली कासवं आहेत, त्यांचं खाणं आणि ऊन खायच्या जागा ही बळकावतात. केरळच्या वन संशोधन संस्थेला तर लोकांना सांगावं लागलं की पाळून कंटाळला असाल तर आमच्याकडे आणून द्या, पाण्यात सोडू नका. तेव्हा तळं नाही, मलप्रभा नाही, मार्कंडेय नाही, राकसकोप नाही, शेतातली विहीरसुद्धा नाही. एका जिवाला सोडून दहा जिवांच्या पोटावर पाय येत असेल तर ते पुण्य कसलं, हे माळकरी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तुम्ही फक्त पुढं काय होतं ते सांगा.

म्हणजे तुमच्यापुढं दोनच वाटा उरल्या: नीट ठेवणं, किंवा नीट ठेवणाऱ्याच्या हाती देणं.

इथं मला तुम्हालाच एक विचारायचंय. पत्रभर मुलाचं मन, मालकांची श्रद्धा, सासूबाईंचा सोवळेपणा सगळं आलं. तुम्हाला स्वतःला हे हवंय का, ते कुठंच आलं नाही. 'मुलगा सांभाळेल' हे ऐकायला बरं वाटतं. दहा वर्षांचा मुलगा थर्मामीटर वाचून वहीत आकडा लिहील, गोळ्या टाकेल, आणि हे त्याला जरूर करू द्या, त्यातून तो बरंच शिकेल. पण शाळा सुरू असताना घाण पाणी तो बदलणार नाही, बदलू नये. मे महिन्यात सगळे गावी गेल्यावर टाकीजवळ कोण थांबणार? तो बारावीत गेल्यावर कोण? हे जनावर मुलाचं म्हणून घरात येतं आणि आईचं होऊन बसतं. म्हणून या रविवारी दुपारी मालकांना, सासूबाईंना समोर बसवा आणि कामं वाटा: पाणी कोण, बाजार कोण, गावाला जाताना कुणाकडे. मालकांना बरकत हवी असेल तर पाणी बदलायचा वार त्यांच्या नावावर लिहा. नावं भरली गेली तर ठेवा, आनंदानं ठेवा. उबेत आलेलं कासव फार मजेदार असतं, कौलावर चढून मागचे पाय ताणून पसरतं, तुमचं पाऊल ओळखतं. नावं भरली गेली नाहीत तर देऊन टाका, आणि त्याची लाज बाळगू नका. घरात श्रावण पाळणं आणि कासव पाळणं एकत्र जमत नसेल, तर तेही पुरेसं कारण आहे.

द्यायचं तर आधी बरं करून द्या. ज्याच्याकडे मोठी टाकी आणि दिवा आधीच आहे अशा माणसाला द्या, जाऊन बघून द्या. दुकानात परत केलं तर ते पुन्हा तसल्याच बाऊलमध्ये बसून दुसऱ्या वाढदिवसाला जाईल. फार्महाऊसवर तळं आहे म्हणणारे भेटतील. ते चहूबाजूंनी बांधलेलं नसेल किंवा नाल्याला जोडलेलं असेल तर नको म्हणा.

या निमित्तानं इतर वाचकांसाठी दोन शब्द. हा सगळा सल्ला लाल पट्ट्याच्या परदेशी कासवाचा आहे. पावसाळ्यात खानापूर-चंदगडकडे भाताच्या खाचरात, विहिरीत कासव सापडतं आणि पोरं ते डब्यात घालून घरी आणतात. मऊ कातडीसारखी पाठ आणि मागचे पाय झाकणाऱ्या पोटाखालच्या झडपा असलेलं ते पाणकासव असो, की पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं जमिनीवरचं कासव असो, ही दोन्ही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात आहेत. घरी ठेवणं, विकणं, विकत घेणं गुन्हा आहे. कायदा केंद्राचा आहे, कर्नाटक-महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे आणि पलीकडे एकच. खाचरात दिसलं आणि धडधाकट असेल तर तिथंच जाऊ द्या. जखमी असेल किंवा कुणी विकायला आणलं असेल तर वनखात्याच्या जवळच्या कचेरीत कळवा. चांदणी कासव पैसा आणतं म्हणून चोरून विकलं जातं. त्याच्या नादाला लागलेल्यांकडे आलेला पैसा मी पाहिलेला नाही, खटले मात्र झालेले आहेत.

ताई, मुलाच्या मामाला फोन करून दिवा, हीटर आणि टाकीची यादी बिनधास्त सांगा. कासव आणून त्यांनी खर्चाची सुरुवात केली आहे, पुढचा भार थोडा त्यांनी उचलला तर बिघडत नाही. आणि 'एकटं आहे म्हणून उदास असेल, जोडीला अजून एक आणतो' असं ते म्हणतील, तेव्हा ठाम नाही म्हणा. कासवांना सोबत लागत नाही. एका टाकीत दोन ठेवली तर मोठं लहानाची शेपटी चावतं आणि कौलावरून त्याला ढकलून देतं.